‘फोटो टाकावेत आणि गप्प बसावं’ : आर्काशोंच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नैऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळचं समुद्रकाठचं आर्काशों आणि द्राक्षमळ्यांतलं सेंत-एमिलियों या दोन गावांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून इथे वेगळं लिहिते आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण बोर्दोजवळ बरीच वर्षं राहिला आहात. आपलं म्हणणं असं, की लेखात खर्चाचा आकडा नाही, वाइनचं कौतुक जरा जास्त झालं आहे, तिथले द्राक्षबागाईतदार आज अडचणीत आहेत त्याचा मागमूस नाही, आणि आर्काशोंची म्हणून जी कालवं मी आवडीनं खाल्ली ती मुळात जपानी जातीची आहेत हे मला माहीत नसावं. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: “शनिवार-रविवारी भोज्ज्याला शिवून येणाऱ्यांनी प्रवासवर्णन लिहू नये, फोटो टाकावेत आणि गप्प बसावं.”

एक गोष्ट आधीच मान्य करते. फोटोंखाली जागांची नावं नव्हती. ती आता टाकली आहेत. लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या पाण्यातल्या घरांचा फोटो नेमका कुठला, असं आणखी दोघा-तिघांनी विचारलं होतं. ती आर्काशोंच्या खाडीतल्या इल ओ झ्वाझो बेटाजवळची घरं.

आता ते वाक्य. बाकीच्या मुद्द्यांवर बोलता येईल, पण हे वाक्य मला सोडवत नाही. लेख वरवरचा वाटला, तर तसं म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. अमुक परिच्छेद कच्चा आहे म्हणा, तमुक माहिती चुकली म्हणा, मी दुरुस्त करीन. पण “लिहू नये” आणि “गप्प बसावं” ही टीका नाही. ही आज्ञा आहे. ती कुणी कुणाला द्यायची, कुठल्या अधिकारानं द्यायची, हे मला खरोखर विचारायचं आहे. जास्त दिवस राहिलात म्हणून? घर घेतलंत म्हणून?

माझे वडील एसटीत वाहक होते. दिवाळीत, गणपतीत, उन्हाळ्यात, म्हणजे जग जेव्हा फिरायला निघतं तेव्हा त्यांची ड्यूटी दुप्पट व्हायची. साप्ताहिक सुट्टीला एखादी रजा जोडून मिळाली की आम्ही निघायचो. कधी औदुंबर, कधी पन्हाळा, एकदा गणपतीपुळे. मुक्काम एका रात्रीचा. पण परत आल्यावर बाबा एका वहीत लिहून ठेवायचे: तिथली विहीर किती खोल, बाजार कुठल्या वारी, देवळाची डागडुजी कुणी केली, घाटातल्या कुठल्या वळणावर गाडी तापते. ती वही आजही माझ्याकडे आहे. त्या माणसाला कुणी म्हणालं असतं, की तुम्ही एका रात्रीपुरते गेलात, तेव्हा लिहू नका, तर मला फार लागलं असतं. म्हणून आज तुमचं वाक्य मला लागलं, आणि ते मी लपवत नाही.

ज्यांच्या हातात शनिवार-रविवारच असतो, अशी माणसं जगात जास्त आहेत. आम्ही दोघं पॅरिसजवळ नोकरी करतो. ऑक्टोबरच्या अखेरीस १ नोव्हेंबरची सुट्टी जोडून आली म्हणून जाता आलं. २०१७ पासून पॅरिसहून बोर्दोला गाडी दोन तासांच्या थोडं वर घेते, आणि तिथून आर्काशोंची गाडी तासाच्या आत पोचवते. लग्नानंतर आम्ही दोघंच असे फारच कमी वेळा कुठे गेलो आहोत.

आणि ज्या गावाबद्दल तुम्ही हे म्हणालात, त्या गावाचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. १८४१ साली बोर्दोहून शेजारच्या ला तेस्तपर्यंत रेल्वे आली, फ्रान्समधल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेंपैकी एक. पुढे ती आर्काशोंपर्यंत आणली गेली, आणि १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमानं आर्काशों ला तेस्तपासून वेगळं होऊन स्वतंत्र गाव झालं. त्याआधी तिथे पाइनची झाडं, कोळ्यांच्या झोपड्या आणि समुद्रस्नानाला येणाऱ्यांच्या मोजक्या सोयी होत्या. रेल्वे कंपनी पेरेर या बँकर बंधूंची. गाड्या भरल्या पाहिजेत म्हणून त्यांनी गावच वसवायला घेतलं. उन्हाळ्यात बोर्दोचे लोक पाण्यात डुंबायला यायचे, पण हिवाळ्यात डबे रिकामे जायचे. तेव्हा १८६० च्या दशकात टेकडीवर ‘हिवाळी गाव’ उभं राहिलं. पाइनच्या डिंकाचा वास असलेली हवा क्षयरोग्यांना मानवते, असा त्या काळच्या डॉक्टरांचा विश्वास होता. तिथले रस्ते मुद्दाम नागमोडी काढले आहेत, वारा सरळ अंगावर येऊ नये म्हणून. आम्ही त्या रस्त्यांवरून संध्याकाळी चाललो. नक्षीदार लाकडी झालरींची ती घरं बघताना मला राहून राहून वाटत होतं, की हे अख्खं गावच तिकीट काढून आलेल्या परक्या माणसांसाठी बांधलं गेलं. आर्काशोंच्या बाबतीत पाहुणा उपरा कसा ठरतो, हे मला समजावून सांगा.

आता कालवं. माहीत नसावं, असं आपण गृहीत धरलंत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आर्काशोंजवळच्या गुजां-मेस्त्रासच्या बंदरात कालवं पिकवणाऱ्या एका बाईंच्या लाकडी खोपीत आम्ही बराच वेळ बसलो होतो. दाखवायला म्हणून त्यांनी एक कौल ठेवलं होतं. आपल्याकडच्या अर्धगोल कौलासारखं कौल, त्यावर चुना आणि वाळूचा पांढरा लेप, आणि त्या लेपावर चिकटलेली नखाएवढी कालवं, एकमेकांच्या अंगावर चढलेली. उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास, ही कौलं रचून पाण्यात ठेवतात. कालवांची पिल्लं पाण्यात तरंगत असतात, ती येऊन कौलाला धरतात. नुसत्या कौलावरून ती काढायला गेलं तर शिंपला फुटतो. चुन्याचा थर असला की थरासकट खरवडून निघतात. त्या बाईंनी सुरीच्या टोकानं एक कडा उचलून दाखवली. चुन्याचा पापुद्रा सुटला, शिंपला शाबूत राहिला. ही युक्ती १८६५ च्या सुमारास तिथल्याच एका गवंड्याला सुचली. पुढे ते कालव ताटात यायला साधारण तीन वर्षं लागतात.

जातीबद्दलही त्यांनीच सांगितलं. मूळची चपटी कालवं १९२० च्या सुमारास रोगानं जवळजवळ संपली. तोवर पोर्तुगीज कालवं आलेलीच होती. १८६८ मध्ये ती घेऊन निघालेल्या एका जहाजाला वादळामुळे बोर्दोजवळच्या जिरोंद खाडीत थांबावं लागलं. माल सडला असं समजून कप्तानानं तो पाण्यात टाकून दिला, आणि त्यातली जिवंत कालवं तिथे फोफावली. १९७० च्या आसपास तीही रोगानं गेली, म्हणून जपानी जात आणली. तेव्हा हो, कालवं जपानी जातीची आहेत. पण त्या बाईंच्या घरात कालवांचाच धंदा चालत आला आहे, आणि दोनदा सगळं बुडूनही या लोकांनी बंदर सोडलं नाही. आर्काशोंचं कालव म्हणताना माझ्या मनात ही माणसं होती. लेखात मी या भागाला दोन ओळी दिल्या, कारण बाकीचा लेख आम्हा दोघांच्या सहलीबद्दल होता. दोन ओळी लिहिल्या म्हणजे दोनच ओळी कळल्या, असा हिशेब तुम्ही कसा लावलात?

सेंत-एमिलियोंचंही तेच. तिथे आम्ही एक दुपार होतो, हे खरं. माझा नवरा तासगावकडचा. त्याच्या मामांची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघत तो मोठा झाला. सेंत-एमिलियोंच्या बाहेर मेर्लो जातीच्या द्राक्षवेलींच्या ओळींजवळ तो उकिडवा बसला आणि खोडावर हात ठेवून बघत राहिला. खोड गुडघ्याच्या जेमतेम वर, जुनं, पीळ पडलेलं. मांडव नाही, ठिबकच्या नळ्या नाहीत. लागत्या बागेला पाणी द्यायचं नाही हा तिथला सर्वसाधारण नियम, अपवाद करायचा तर परवानगी लागते. चुनखडीवरची माती ओल धरून ठेवते आणि वेल मुळं खोल नेतो, असं आम्हाला बाग दाखवणाऱ्या मुलीनं सांगितलं. ज्याच्या मामांनी दुष्काळात टँकरनं पाणी विकत घेऊन बाग जगवली, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? तो गाडीत बसेपर्यंत फारसं बोलला नाही. रात्री त्यानं मामांना फोन केला आणि बराच वेळ दोघं मुळांवरच बोलत होते. याला तुम्ही भोज्ज्याला शिवणं म्हणता.

तिथल्या चुनखडीच्या कड्यात कोरून काढलेल्या चर्चमध्येही आम्ही गेलो. वर घंटेचा मनोरा, खाली पोकळ खडक. मनोऱ्याचं वजन आणि झिरपणारं पाणी यांनी खांब खचायला लागले, म्हणून त्यांतल्या काही खांबांना पोलादी चौकटी आवळल्या आहेत. प्रार्थनेच्या जागी ते पोलाद बघून मला वाईट वाटलं, आणि ते सांभाळणाऱ्या लोकांबद्दल आदरही वाटला. वेरूळ पाहिलेल्या माणसाला वरून खाली खडक कोरणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १९९९ मध्ये हा सगळा परिसर द्राक्षमळ्यांसकट जागतिक वारसा ठरला.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा देत नाही. खर्चाचा तक्ता मी कुठल्याच लेखात देत नाही. भाव दर सहा महिन्यांनी बदलतात आणि गुगलवर मिळतात. वाइनचं कौतुक म्हणाल, तर जेवणाबरोबरच्या एका पेल्याबद्दल मी लिहिलं आणि तो आवडला असं लिहिलं. आवडला नाही असं खोटं कशाला लिहू? बागाईतदारांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. खप घटला आहे, आणि २०२३ पासून बोर्दो भागात हेक्टरी ६००० युरो देऊन वेली उपटायची योजना आली. हा विषय मोठा आहे, त्याला वेगळा लेख लागेल. प्रत्येक लेखात सगळं आलंच पाहिजे, ही अट मला मान्य नाही.

आर्काशोंजवळच्या पिलाच्या वाळूच्या डोंगराबद्दल तुम्ही काहीच म्हटलं नाहीत, म्हणून मीच सांगते. तो शंभर मीटरांहून उंच आहे आणि वाऱ्याबरोबर दर वर्षी थोडा थोडा जंगलात सरकतो. वर चढून गेल्यावर एका बाजूला महासागर दिसला आणि दुसऱ्या बाजूला जुलै २०२२ च्या वणव्यात जळालेल्या पाइनच्या जंगलाचे काळे बुंधे. त्या वणव्यात पायथ्याचे पाच कॅम्पसाइट जळाले. आम्ही दोघं त्या जळक्या बाजूलाच तोंड करून बसलो. वाचकांना समुद्राचा फोटो जास्त आवडला, पण जंगलाचाही मी टाकला होता, आणि त्याखाली चार वाक्यं लिहिली होती. ती तुम्ही वाचलीत का?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुम्ही तिथे बरीच वर्षं राहिलात. वेली उपटणारे शेतकरी तुमच्या ओळखीचे असतील, कालवांच्या विक्रीवर बंदी आली तेव्हा खोपी कशा ओस पडल्या हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. मराठीत त्याबद्दल कुणीही नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ते तुम्ही लिहा. इथे छापायचं असेल तर जागा देते, एक शब्दही न बदलता, आणि खाली प्रश्न विचारणारी पहिली मीच असेन.