‘तरीही’च्या जागी ‘म्हणून’

मागच्या वर्षी माझी आत्या गेली. महिनाभराने घरच्यांनी तिच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि ‘तू लिहिणारी, तूच सुरुवात कर’ म्हणून पहिला लेख माझ्याकडे आला. मी एका बैठकीत 900 शब्द लिहिले. लिहिताना दोनदा डोळे भरून आले. रात्रीच आतेबहिणीला पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. म्हणाली, “छान झालाय गं. पण ही कोण आहे?”

मी लेख पुन्हा उघडला. पहिलंच वाक्य असं होतं: ‘अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि वाचनप्रिय असं त्यांचं व्यक्तिमत्त्व होतं.’ शेवटचं: ‘त्यांच्या जाण्याने आमच्या कुटुंबात न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ जिला जन्मभर ‘अगं आत्या’ म्हणत आले, तिला मी कागदावर ‘त्या’ करून टाकलं होतं. त्या एका आदरार्थी रूपाने ती आमच्या घरातून उठून कुठल्याशा सभागृहातल्या तसबिरीत जाऊन बसली होती.

गेली 18 वर्षं मी दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासते. ‘पोकळी’ दिसली की मी समासात प्रश्नचिन्ह करते. आणि माझं स्वतःचं दुःख सांगायची वेळ आली तेव्हा हाताला तेच तयार वाक्य लागलं. ते मी लिहिलं असं म्हणता येणार नाही. ते आधीपासून तिथे होतं, मी फक्त उचललं.

‘चांगलं लिहायला काय करू?’ असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याला बहुधा भाषेबद्दल काहीतरी हवं असतं: शब्दसंग्रह, शुद्धलेखन, सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा. हे सगळं लागतं आणि शिकताही येतं. पण माझ्या टेबलावर आलेल्या मजकुरात जे फसलेलं असतं, त्यातला मोठा भाग भाषेत फसलेला नसतो. लिहिणाऱ्याने विचार अर्ध्यावर सोडलेला असतो आणि वाक्य मात्र पूर्ण केलेलं असतं. वाक्य पूर्ण झालं की विचारही पूर्ण झाल्यासारखा वाटतो. ही फसगत मी स्वतः किती सहज करते, ते आत्याच्या लेखाने मला दाखवलं.

त्या लेखात मधोमध एक वाक्य होतं: ‘त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालं होतं, तरीही त्यांना वाचनाची विलक्षण आवड होती.’

व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. दुसऱ्या कुणाच्या लेखात असतं तर मीही पुढे गेले असते. पण ताईचा प्रश्न कानात होता म्हणून थांबले, आणि ‘तरीही’ या शब्दाकडे बघत बसले. हा शब्द इथे काय म्हणतोय? कमी शिकलेल्या माणसाला वाचनाची आवड असायची नाही, पण हिला होती, हे आश्चर्य. म्हणजे मी तिचं कौतुक करता करता तिच्यासारख्या सगळ्या बायकांबद्दल एक निकाल देऊन टाकला होता. तो माझा निकाल होता का? खरंच नव्हता. तो ‘तरीही’बरोबर आपोआप आला होता.

मग आठवायला बसले. आत्या वाचायची कशी? वर्तमानपत्राची घडी पुरती न उलगडता, ओळीखाली बोट धरून. पान उलटायच्या आधी चष्मा पदराला पुसायची. सामान बांधून आलेल्या कागदाचा तुकडासुद्धा सरळ करून वाचायची आणि वाक्य जिथे फाटलेलं असेल तिथे चिडायची. मी लहान असताना तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. एखादी ओळ कळली नाही की म्हणायची, “परत वाच.” मी कंटाळून भराभर वाचलं तर पुन्हा, “परत वाच, नीट.” तिला शाळेतून काढलं होतं. शाळा तिने सोडली नव्हती. चौथीनंतर घरातल्या धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. हे आठवल्यावर ते वाक्य माझ्या हातात उलटं झालं. तिचं शिक्षण चौथीत तोडलं होतं, म्हणून ती मिळेल ते वाचत राहिली.

एक उभयान्वयी अव्यय बदललं. पण ते बदलायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मला माझी आत्या 40 वर्षांनी नव्याने दिसली. संपादन म्हणतात ते मला तेव्हापासून असं दिसतं. आपण खरंच काय म्हणतोय, हे आपल्याला पहिल्यांदा तिथे कळतं.

तेव्हापासून माझ्या कुठल्याही खर्ड्यात मी सगळ्यात आधी जोडणारे शब्द तपासते. ‘त्यामुळे’, ‘म्हणूनच’, ‘तरीही’, ‘साहजिकच’, ‘एकंदरीत’. विशेषणं आणि क्रियापदं नंतर. ‘त्यामुळे’ लिहिलं असेल तर अलीकडची गोष्ट खरंच पलीकडच्या गोष्टीचं कारण आहे का? की दोन वाक्यं शेजारी होती म्हणून मी मध्ये पूल टाकला? ‘साहजिकच’ तर मी बहुतेक वेळा काढूनच टाकते, कारण जिथे सिद्ध करायचा कंटाळा आलेला असतो नेमका तिथे तो येतो. करून बघा. आपल्या जुन्या मजकुरातले फक्त हे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाला विचारा, तू इथे का आहेस. निम्मे गळतील. उरलेल्यांतले दोन-तीन असे निघतील की त्यांच्यामुळे सबंध परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.

स्वतःचं लिहिलेलं तपासणं अवघड का जातं, याचं एक कारण अगदी शारीरिक आहे. डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या मारतो. एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो आणि मधलं बरंचसं अंदाजाने भरून काढतो. मजकूर आपलाच असला की अंदाज आणखी पक्का असतो, त्यामुळे कागदावर जे नाही तेही आपल्याला दिसतं. म्हणून मजकूर अनोळखी करावा लागतो. दोन दिवस बाजूला ठेवा, छापून घ्या, अक्षराचा आकार बदला. मला सगळ्यात उपयोगी पडतं ते मोठ्याने वाचणं. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांबलेलं असतं. जिथे आवाज उगाच भारदस्त होतो तिथे आपण खोटं बोलत असतो. दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते.

पण एका मर्यादेपुढे आपले डोळे पुरत नाहीत, दुसरं माणूस लागतं. आणि कुठलं माणूस, यावर खूप काही अवलंबून असतं. इंग्रजी कवी टी. एस. एलियट यांची 1922 मध्ये प्रसिद्ध झालेली सुप्रसिद्ध दीर्घ कविता ‘द वेस्ट लँड’ आज ज्या रूपात वाचली जाते, त्यात त्यांचे कविमित्र एझरा पाउंड यांच्या पेन्सिलीचा वाटा मोठा आहे. पाउंड यांनी त्या खर्ड्यातले लांबच्या लांब तुकडे काढून टाकले आणि कविता जवळजवळ निम्म्यावर आली. एलियट यांनी ती कापाकापी स्वीकारली आणि कविता पाउंड यांनाच अर्पण केली. ते खुणा केलेले कागद बरीच वर्षं हरवले आहेत असाच समज होता. 1971 मध्ये ते छापून आले तेव्हा काय गेलं आणि काय राहिलं हे लोकांना बघता आलं.

याच्या उलट उदाहरण अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांचं. त्यांच्या 1981 च्या कथासंग्रहातल्या काही कथा संपादक गॉर्डन लिश यांनी निम्म्याहून जास्त कापल्या, शेवट बदलले. पुस्तक छापायच्या आधी कार्व्हर यांनी लिश यांना पत्र लिहून ते थांबवायची विनवणी केली होती. पुस्तक निघालं, गाजलं, आणि कार्व्हर यांची थोडक्यात लिहिण्याची शैली म्हणून जग ज्याचं कौतुक करत राहिलं त्यातलं किती त्यांचं, हा प्रश्न मागे राहिला. मूळ कथा 2009 मध्ये, कार्व्हर गेल्यानंतर 21 वर्षांनी आल्या. कापलेल्या कथा जास्त चांगल्या आहेत असं म्हणणारे लोक आहेत. असतीलही. मला तो वाद सोडवायचा नाही. पण लेखकाने नको म्हटल्यावर चाललेल्या कात्रीला मी संपादन म्हणणार नाही, ती कितीही धारदार असो. दुसऱ्याच्या मजकुरावर हात ठेवायचा तर त्याला काय म्हणायचंय हे त्याच्याआधी आपण ठरवून मोकळं व्हायचं नसतं.

या कामात माझ्या डोळ्यापुढे कायम असतात ते एकनाथ. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत पाठ बिघडले होते. एकनाथांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. ते स्वतः केवढे मोठे कवी! दोन ओव्या घातल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पण त्यांनी उलट बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. इतकं सामर्थ्य हातात असताना तो हात आवरणं, यापेक्षा मोठं संपादन मला माहीत नाही. ताईनेही माझ्या लेखातलं एक अक्षर बदललं नव्हतं. एक प्रश्न विचारला आणि थांबली.

आता वाचनाबद्दल. ‘भरपूर वाचा’ हा सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. मी कित्येक वर्षं नुसती गिळत गेले. महिन्याला आठ-दहा पुस्तकं, आणि लिहायला बसलं की हाताशी पोकळी आणि व्यक्तिमत्त्वच. वाचलेलं आपोआप झिरपत नाही, निदान माझ्यात तरी नाही झिरपलं. फरक पडला तो ‘परत वाच’ने. एखादा परिच्छेद अंगावर आला की मी आता पुढे जात नाही. तो वहीत हाताने उतरवून काढते. उतरवताना वेग इतका कमी होतो की लेखकाचे निर्णय दिसायला लागतात. त्याने क्रियापद कुठे ठेवलंय? मराठी वाक्य क्रियापदासाठी शेवटपर्यंत वाट बघायला लावतं, मग त्याने ते इथे आधीच का देऊन टाकलं? नाव दोनदा का घेतलं, सर्वनाम का नाही वापरलं? नुसतं वाचताना मला यातलं काही दिसत नाही.

आणि आपल्या आवडीच्या बाहेरचं वाचावं. मला कोर्टाच्या निकालपत्रांचा फार उपयोग झाला. चांगल्या निकालपत्रात जो पक्ष हरणार आहे त्याचंही म्हणणं नीट मांडलेलं असतं, आणि मग ते का मान्य नाही हे सांगितलेलं असतं. मत मांडणारं काहीही लिहिताना ही शिस्त आली तर निम्मा आरडाओरडा जागीच थांबेल.

शब्दकोशही मी वाचते, पान उघडून, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा. आत्याच्या लेखात मी ‘दुःख’ लिहिलं होतं, तीन वेळा. मग शब्द शोधत गेले. हळहळ ही बहुधा दुसऱ्याचं नुकसान बघून होते. हुरहुर लागते तेव्हा मन कशाची तरी वाट बघत असतं. चुटपुट ही लहानशी, करायचं राहून गेलेल्या गोष्टीची. खंत तिच्याहून खोल आणि दीर्घ. आणि रुखरुख, जी आतल्या आत कुरतडत राहते. मला काय होत होतं? शेवटच्या दोन महिन्यांत तिला भेटायला जायचं मी तीनदा पुढे ढकललं होतं. ती रुखरुख होती. ‘दुःख’ या शब्दाआड मी ती लपवली होती, आणि शब्द सापडेपर्यंत मला ते कबूलही करता आलं नव्हतं. लेखातली तिन्ही ‘दुःखं’ गेली. त्या जागी तीन न झालेल्या भेटी आल्या, कारणांसकट.

आता लेख 600 शब्दांचा आहे. ‘त्या’ गेल्या, ‘ती’ आली. पोकळी गेली. चष्मा आणि बोट आलं. मागच्या आठवड्यात नवा खर्डा ताईला पाठवला. या वेळी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई आली गं यात.” थोड्या वेळाने पुन्हा तिचाच फोन.

“ते एक वाक्य आहे बघ, ‘तिने कधी कशाची तक्रार केली नाही’.”

“हो. का गं?”

“केली नाही, का तू ऐकली नाहीस?”

पुस्तिका छापायला जायला अजून दहा दिवस आहेत. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. रविवारी ताईकडे जाते आहे, वही घेऊन.