ऑपरेशन झालंय ना, मग आता कशाला धडपडतेस?

आज ऑफिसमध्ये जिन्याने वर निघाले होते. लिफ्टपाशी तिघी उभ्या होत्या. त्यातल्या एकीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं, तुझं ते वजनाचं ऑपरेशन झालंय ना? मग आता कशाला जिने चढतेस? तुझं काय, बसल्या जागी उतरतंय!" बाकीच्या दोघी हसल्या. दुसरी म्हणाली, "जपून हं, आतले टाके सुटायचे." माझ्या ऑपरेशनला वर्षं लोटलीत. कसले टाके घेऊन बसलात?

मी काही न बोलता वर निघून गेले, कारण तोंड उघडलं असतं तर ऑफिसात शोभणार नाही असं काहीतरी निघालं असतं. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. म्हणून आता लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या यादीतली माणसं कुणाच्या शरीरावर तोंडावर शेरे मारणाऱ्यांतली नाहीत, हे मला माहीत आहे. त्यामुळे ते असभ्य का आहे हे तुम्हाला समजावत बसत नाही. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. बसल्या जागी उतरतंय, हा जो समज आहे ना, तो नुसता चुकीचा नाही, ऑपरेशन झालेल्या माणसाला तो घातक आहे. आणि तो बाहेरच्यांनाच असतो असंही नाही, ऑपरेशन करून घेणाऱ्यांनाही असतो.

माझं स्लीव्ह नावाचं ऑपरेशन झालं. म्हणजे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. वजनासाठीचं दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास (हृदयाची नव्हे), त्यात तर जठराची अगदी छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत अन्न कमी जातं, वजन झपाट्याने उतरतं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण शरीराला इतकं कमी मिळायला लागलं की ते साठवलेलं वापरायला काढतं, आणि तेव्हा फक्त चरबी वापरत नाही. स्नायूही जातात. वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही. काटा खाली आला की घरचे, मित्रमैत्रिणी, सगळे खूश.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

ऑपरेशननंतर काही महिने गेले होते. वजन भरपूर उतरलं होतं, जुने कपडे अंगावर लोंबत होते, भेटेल तो कौतुक करत होता. एका दुपारी भाचीबरोबर खेळायला मी जमिनीवर बसले. तिचा एक ठोकळा पलंगाखाली गेला होता तो काढून दिला आणि उठायला गेले, तर उठता येईना. हात टेकला, गुडघा वळवला, पुन्हा प्रयत्न केला. मांड्यांमध्ये जीवच नव्हता. भाचीला वाटलं मी खेळतेय. ती माझा हात धरून ओढत होती, "मावशी, ऊठ ना!" शेवटी पलंगाच्या कडेला धरून, कशीबशी, तोंडाने श्वास घेत उभी राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं याचं त्या क्षणी बरं वाटलं.

आता हे लक्षात घ्या. एवढं वजन अंगावर होतं तेव्हा मी जमिनीवरून उठत होते. हळू, कण्हत, पण उठत होते. आणि इतकी हलकी झाल्यावर उठता आलं नाही. त्या दिवशी मला जी भीती वाटली तशी ऑपरेशनच्या सकाळीही वाटली नव्हती.

पुढच्या तपासणीला हे सांगितलं तेव्हा फिजिओथेरपिस्टने मला खुर्चीत बसवलं, हाताची घडी घालायला सांगितली आणि म्हणाली, आता उठा. बसा, आता पुन्हा उठा. काही वेळातच मी थरथरत होते. तिने अजिबात न रागावता सांगितलं की वजन उतरवायचं काम सध्या ऑपरेशन करतंय, तुमचं काम स्नायू टिकवायचं आहे, आणि ते तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही. इतकं स्पष्ट मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. "चाला" एवढं सगळे सांगतात. चालून मी चालतच होते.

चालण्याला कमी लेखत नाहीये, गैरसमज नको. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उभं करून चालवतात ते उगाच नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, त्यातली एखादी सुटून फुप्फुसात जाऊ नये, म्हणून. त्या पहिल्या आठवड्यांत चालणं हेच औषध. जड उचलायचं नाही, पोटावर ताण आणायचा नाही, साधारण चार ते सहा आठवडे तरी, आणि आपला सर्जन सांगेल तेच प्रमाण. पण ते आठवडे संपल्यावर काय? तिथे सगळ्यांची जीभ अडखळते. "हळूहळू वाढवा" म्हणतात. काय वाढवा? किती वाढवा?

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठी सांगणं आहे की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम. हे "शिवाय" सगळे विसरतात. आणि आमच्यासारख्यांना तर त्याचीच जास्त गरज.

मी त्यासाठी एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या प्रशिक्षकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ट्रेडमिलवर उभं केलं. म्हणाला, "आधी वजन कमी करू मॅडम, मग वेट्सचं बघू." मी सांगितलं की वजन उतरतंयच, मला ताकद हवी आहे, मला जमिनीवरून उठता येत नाही. त्याला ते कळलंच नाही. जाड बाई आली म्हणजे तिला घाम काढायला लावायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. रोज तेच. मी ती जिम सोडली. आठवलं की अजून चिडचिड होते, कारण माझ्याजागी दुसरं कुणी असतं तर व्यायामच सोडला असता, आणि तो प्रशिक्षक म्हणाला असता, बघा, या लोकांना कष्टच नकोत.

मग घरीच सुरुवात केली, फिजिओने लिहून दिलेलं. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून पुशअप. रबरी बँड ओढणं. नंतर हलके डंबेल्स, मग जरा जड. दिसायला काहीच नाही. पण त्या दिवशी पलंगाची कड धरून उठलेल्या बाईला ते डोंगराएवढं होतं.

आणि यात किती गोष्टी आड येतात ते बाहेरून कळत नाही. पाण्याचंच घ्या. व्यायाम झाला की माणूस गटागटा पाणी पितो. आम्हाला ते जमत नाही, जठरात जागाच नसते. दिवसभर घोट घोट पीत राहावं लागतं, दीड-दोन लिटर भरेपर्यंत, नाहीतर अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर. प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगतात, बऱ्याच जणांना त्याहून जास्त, आणि ते दोन चमच्यांत पोट भरणाऱ्या माणसाने पोटात घालायचं. ते गेलं नाही तर कितीही बँड ओढा, स्नायू कशाचे होणार? बायपासवाल्यांना गोड पटकन खाल्लं की धडधड, घाम, गळून जाणं, त्याला डम्पिंग म्हणतात. त्यामुळे व्यायामाआधी पटकन काहीतरी गोड तोंडात टाकायची सोयही त्यांना नाही.

थकव्याचं तर विचारूच नका. एका काळात मला एक मजला चढला की धाप लागायची. घरच्यांना वाटलं, कंटाळा करते. रक्त तपासलं तर लोह खाली गेलेलं. या ऑपरेशनांनंतर लोह, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची कमतरता येऊ शकते, म्हणून गोळ्या आणि तपासण्या जन्मभराच्या. हे माहीत असून लोक पहिल्या वर्षानंतर गोळ्या सोडतात, आणि मग दमले की त्यांना आळशी म्हणायला सगळे तयार. कृपा करून आपल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या.

हाडांचंही तेच. वजन उतरताना हाडांची घनता कमी होते, बायपासमध्ये जास्त. पोहणं सांध्यांना चांगलं, मलाही आवडतं, पण हाडांना भार मिळावा लागतो, आणि तो पाण्यात मिळत नाही. जिना चढल्यावर मिळतो. मी जिने का चढते याचं उत्तर लिफ्टपाशी उभं राहून देण्याइतकं छोटं नाही, ते हे असं आहे.

आणि लोंबणारी कातडी. तिच्यावर कुणी बोलत नाही. चालताना घासते, लाल होते, घामाने जखमा होतात. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून चालावं तर लोक बघतात, सैल घालावे तर सोलवटून निघतं. मी घट्टच घालते. बघू देत.

हं, एक मान्य करते. माझं वजन उतरलं ते ऑपरेशनमुळे, व्यायामामुळे नाही. आधी कितीतरी वर्षं व्यायाम करून ते उतरलं नव्हतं, हेही खरं. नुसत्या व्यायामाने एवढं वजन फारसं कुणाचं उतरत नाही. तेव्हा लिफ्टजवळच्या बाईंचं बोलणं तेवढ्यापुरतं बरोबर धरा. पण म्हणूनच तर सांगतेय की मी वजन उतरवायला जिने चढतच नाही! पहिलं वर्ष-दीड वर्ष झालं की उतरणं थांबतं, मग बऱ्याच जणांचं थोडंफार परतही येतं. लहान झालेलं शरीर कमी ऊर्जा वापरतं, त्याला कुणाचाच इलाज नाही. अशा वेळी ज्याने व्यायाम फक्त काट्यासाठी केला असेल तो काटा हलेनासा झाला की व्यायाम सोडतो. मी हे माझ्या ओळखीच्यांत पाहिलंय, आणि पाहताना वाईट वाटलंय. काटा अडकला होता त्या महिन्यांतच त्यांची ताकद वाढत होती. ती मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मोजते. आता भाचीबरोबर जमिनीवर बसते आणि हात न टेकता उठते. ती मोठी झालीय, तिला त्यात विशेष काही वाटत नाही. मला दर वेळी वाटतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या तिघींपैकी एकीचे गुडघे दुखतात, ती लिफ्टशिवाय जाऊच शकत नाही, हे मला माहीत आहे. गुडघे दुखत असताना चाला म्हणणं सोपं असतं, मीही त्यातून गेलेय. तिला मी काही म्हणणार नाही. पण टाके सुटतील म्हणून एखाद्याला घाबरवू नका. जाड माणसाला आयुष्यभर हलत नाहीस म्हणून बोलायचं, आणि हलायला लागला की कशाला हलतोस म्हणून बोलायचं, हे आता पुरे झालं.

आता माझ्या एका मैत्रिणीसाठी, जिचं ऑपरेशन लवकरच आहे आणि जी हे वाचणार आहे. तू घरी निघताना तुला एक कागद देतील. त्यात आहाराची पानं असतील आणि व्यायामाची बहुतेक एक ओळ. त्या ओळीवर सही करून निघू नकोस. मला जड उचलायला कधीपासून चालेल, कुठले व्यायाम, किती वजनाने, हे विचार. फिजिओथेरपिस्टची भेट माग, दिली नाही तर हट्ट कर. आणि व्यायामाने अंग दुखलं तर कुठली गोळी घ्यायची हे लिहून घे, कारण तुझी बायपास आहे, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. "हळूहळू सुरू करा" एवढंच उत्तर मिळालं तर खुर्चीतून उठू नकोस, पुन्हा विचार.