‘दुकानातल्या गप्पा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

ऑटोमॅटिक घड्याळांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. (ऑटोमॅटिक म्हणजे हात हलला की आतलं फिरतं वजन, म्हणजे रोटर, स्वतःच चावी भरतो असं घड्याळ.) बाकीच्यांनाही कळावं म्हणून जशीच्या तशी उतरवतो: ‘एका दिशेने चावी भरणाऱ्या घड्याळात अर्धी हालचाल वाया जाते, हे म्हणणं चूक आहे. दिशा बदलली की रोटर काही अंश नुसताच फिरतो आणि दोन्ही दिशांच्या यंत्रणेत हा तोटा दोन्हीकडे होतो. रोलेक्सबद्दलही तुमची चूक झाली आहे. दुकानातल्या गप्पा छापण्याआधी थोडं वाचन करावं.’

आधी रोलेक्स. मान्य. १९३१ चा त्यांचा रोटर पूर्ण गोल फिरायचा, पण चावी एकाच दिशेने भरायचा. मी दोन्ही दिशा लिहून बसलो. दोन्हीकडून भरणारा रोटर १९४२ मध्ये फेल्सा या स्विस कंपनीच्या बायडायनेटर यंत्रात आला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ताणून धरत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता ‘दुकानातल्या गप्पा’.

ते दुकान म्हणजे माझ्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. सहा फूट बाय आठ फूट. वडील नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली शिकले. उस्ताद हिशेब उर्दूत लिहायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे. पहिली दोन वर्षं त्यांनी वडिलांना नुसती चाकं धुवायला बसवलं, चिमट्याला हात लावू दिला नाही. शिकायची ही एक रीत होती. पुण्यात म्हणे कोर्स असतात. तुम्ही पुण्याचेच असं मी म्हणत नाही, ‘थोडं वाचन करावं’ हे वाचून तसं वाटलं इतकंच.

तर गप्पा काय चालायच्या ते ऐका. मागचं झाकण काढायचं, बोटाने रोटर हळू फिरवायचा आणि डोळ्याला भिंग लावून मेनस्प्रिंगच्या, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगच्या, डबीवरच्या दातेरी चाकाकडे बघायचं. रोटर एकीकडे फिरवल्यावरच ते सरकत असेल तर घड्याळ एकदिशी. आत वाल्जू ७७५० हे स्विस यंत्र असेल तर झाकण काढायचीही गरज नाही, मोकळ्या दिशेला रोटर असा भरधाव सुटतो की मनगटाला कळतं. सेइकोचा १९५९ चा मॅजिक लिव्हर दोन हातांचा, रोटर कुठेही फिरो, एक हात चाक ओढतो नाहीतर दुसरा ढकलतो. एटा २८२४ या दुसऱ्या स्विस यंत्राला हाताने चावी देताना रोटर आपोआप गरगरायला लागला, तर दिशा बदलणारी चाकं मळली किंवा सुकली समजायचं. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी हे बघत बसायचो. पुस्तक नव्हतं, खरं आहे. तोंडासमोर घड्याळ होतं.

अनुभव म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. मोंढ्यात एक मुनीमजी होते. त्यांच्याकडे दोन्ही दिशांनी भरणारं, चांगलं महागाचं घड्याळ. दिवसभर गादीवर बसून डाव्या हाताने वही दाबून धरायची आणि उजव्याने लिहायचं. पहाटेपर्यंत घड्याळ बंद. तीनदा दुकानात आले, तीनही वेळा घड्याळात काही दोष निघाला नाही. त्याच मोंढ्यातला एक हमाल सासऱ्याने दिलेलं एकदिशी घड्याळ घालून पोती उचलायचा. तो शनिवारी संध्याकाळी ते खुंटीला टांगायचा आणि सोमवारी सकाळी चालूच असायचं, कारण स्प्रिंग पूर्ण भरलेली असली की चाळीसेक तास निघतात. जास्त भरून तुटायची भीतीही नाही, ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं टोक डबीच्या भिंतीवरून घसरतं. मुनीमजींना वडिलांनी एवढंच सांगितलं, रोज सकाळी चहाआधी चावीचे वीस फेरे द्या. पुन्हा ते आले ते पट्टा बदलायलाच.

आता तुम्ही म्हणाल, ही गोष्ट तर माझीच बाजू घेते. अहो, घेऊ द्या की. मी ती अनुभव दाखवायला सांगितली, दिशा दाखवायला नाही. आणि हे सगळं तुम्हाला कुठल्या तांत्रिक साहित्यात मिळालं असतं, तेवढं कळवा.

राहिला तो रोटर नुसताच फिरण्याचा मुद्दा. होतो तोटा, कुणी नाही म्हणलंय? दातेरी चाकांचं प्रमाण, रोटरचं वजन, घालणाऱ्याचा हात, सगळ्यावर ते ठरतं. पण लेख दहावीच्या पोरालाही कळावा म्हणून लिहिला होता. त्यात अंशांचा हिशेब मांडला असता, तर शेवटापर्यंत तुम्ही एकटेच पोचला असता. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आणखी एक. माझ्या प्रत्येक लेखाखाली माझं नाव असतं. तुमच्या प्रतिक्रियेखाली ‘एक अभियंता’ एवढंच आहे. बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं आमच्या गावाबद्दल लोक हसून म्हणतात, ते आम्ही ऐकून घेतो. पण म्हणणाऱ्याचं तोंड तरी दिसतं.

तुम्हाला खटकलेलं वाक्य मी काढलेलं नाही. ‘अर्धी’च्या आधी ‘बहुधा’ टाकलं आहे.