न आलेल्या पेशंटचं काय?

आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा सीसीएमपी हा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यावीत का, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात रान पेटलं. डॉक्टरांनी संपही केला. प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण ब्रिटनमधल्या वेल्समध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात नर्सचं काम करताना मला दुसराच प्रश्न छळतो: जो पेशंट आलाच नाही, त्याची काळजी कुणी करायची?

इथे प्रत्येकाचं नाव एका दवाखान्यात नोंदलेलं असतं. दुपारी गर्दी ओसरली की मी मधुमेहींची यादी उघडते. वर्षभरात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) झालेली नाही, पाय तपासायचे राहिलेत, अशी नावं वेगळी काढते आणि फोन लावते. कुणाला गाडीने आणणारा मुलगा आता दुसऱ्या गावी असतो. एक आजी 'वयाने होत असेल' म्हणून पायाच्या मुंग्यांबद्दल बोलल्याच नव्हत्या. बोलावून मोजे काढायला सांगितले, तर टाचेची भेग चिघळलेली. मधुमेहाने पाय बधिर झालेले, दुखतच नव्हतं, म्हणून त्यांना पत्ताच नाही.

याच वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी गावातल्या सगळ्या प्रौढांचं बीपी मोजायला घेतलं होतं. त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथे अकाली मृत्यू कमी होते.

२००४ मध्ये ब्रिटनने अशा तपासण्यांवर दवाखान्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. दर्जा वाढला, पण उद्दिष्टं गाठल्यावर वेग मंदावला, आणि पेशंटला आपला नेहमीचा डॉक्टर भेटणं कमी झालं. स्कॉटलंडने तर २०१६ मध्ये ही पद्धत बंदच केली. त्यामुळे पैशांचं आमिष जसंच्या तसं आपल्याकडे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या तीन पिढ्या ओळखणारा फॅमिली डॉक्टर आपल्याकडे अजून कुठे कुठे आहे. इथे त्याची उणीव रोज जाणवते.

न्यायची ती यादी. गावात कुठल्या गरोदर बाईची तपासणी राहिली, हे आशाताईंच्या वहीत असतं. शहरातल्या खासगी दवाखान्यात मधुमेह-बीपीच्या पेशंटची तशी वही का नसावी? महिन्यातून एकदा कंपाउंडरने ती उघडून फोन करावेत. औषध लिहिण्याची परवानगी कुणालाही मिळो, सरकारने त्याच्याकडे ही वही आधी मागावी.