सडा अजून मोकळा आहे तोवर

सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्या दिवशी उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका व्यासपीठावर आले आणि बातम्यांमध्ये विमानापेक्षा श्रेयाचीच उड्डाणं जास्त झाली. त्यानंतर नावाची चर्चा रंगली. बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव द्यायचं ठरलं, आणि ते अगदी योग्य ठरलं; वेंगुर्ल्याच्या मातीतला तेवढ्या तोलाचा दुसरा माणूस दाखवा. पुढचे वाद कमानीवर कोणाचा फोटो मोठा, पाटीवर मराठी आहे की नाही, विमानं येतात की बंद पडली, यांचे. हे सगळं मी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका छोट्या शहरातून वाचत असतो. योगायोग असा की माझं ऑफिसही एका विमानतळाला लागून असलेल्या बिझनेस पार्कात आहे. विमानतळ नगरपालिकेचा आहे आणि तिथे नऊ आसनांची विमानं उतरतात. ‘फलक’ या विषयावर नगरपालिकेच्या सभेत तासन्‌तास डोकेफोड चालते. फरक एवढाच की फलकावर काय लिहिलंय यावर तिथे कोणी बोलत नाही. तो किती मोठा, रस्त्यापासून किती आत, किती उंच, त्याचा उजेड कुठे पडतो आणि तो कधी उतरणार, यावरच बोलतात.

आधी इकडचं थोडं सांगतो. आमच्या पार्कात शिरताना एक बुटका, दगडी जोत्याचा फलक आहे. त्यावर आतल्या सगळ्या कंपन्यांची नावं एकाच मापाच्या पट्ट्यांवर एकाखाली एक. चारशे माणसांची कंपनी असो की दोघांचं दुकान, पट्टी तेवढीच. इमारतीवर नाव लावायचं तर भिंतीच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात. छपरावर नाही, उंच खांबावर नाही, लुकलुकणारं नाही. दिवा असेल तर तोंड खाली. उद्घाटनाचं वगैरे कापड लावता येतं, पण परवान्यावर उतरवायची तारीख आधीच घातलेली असते. जागा विमानतळाची, म्हणजे शहराच्या मालकीची आणि भाडेपट्ट्यानं दिलेली असल्यामुळे या अटी करारातच आहेत. नियम मोडला की फक्त दंडावर भागत नाही, घरमालक म्हणून शहर दारात उभं राहतं. आणि धावपट्टीच्या जवळ काही उभारायचं तर केंद्राच्या विमान वाहतूक प्रशासनाला कळवावं लागतं. मोठ्या धावपट्टीपासून २०,००० फुटांपर्यंत, दर शंभर फुटांमागे एक फूट चढत जाणारी एक काल्पनिक उतरण धरतात. तिच्या वर डोकं काढणारं काहीही असो, आधी कळवायचं.

रटाळ आहे हे सगळं. पार्कातून गाडी नेताना कुठली इमारत कोणाची हे नव्या माणसाला पटकन कळत नाही, आणि खरं सांगायचं तर एक इमारत झाकून दुसरी उघडावी इतकी सगळी सारखी. अमेरिकेनं फार सौंदर्यदृष्टी कमावली आहे असंही कोणी समजू नये. इथल्या कित्येक राज्यांत हमरस्त्याला लागलं की वकिलांचे, देवाचे आणि बर्गरचे फलक मैलोन्‌मैल पाठ सोडत नाहीत.

त्यामागची गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा केला. त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांचा तो ध्यास होता. हमरस्त्यालगतचे फलक आवरायचे हा हेतू. पण फलकवाल्यांचा धंदा तोवर रुजला होता, दिल्लीत असावं तसं वॉशिंग्टनमध्ये त्यांचं वजन होतं. कायद्यात पळवाटा राहिल्या, आणि १९७८ च्या दुरुस्तीनं तर अशी मेख मारली की उभा असलेला कायदेशीर फलक काढायचा तर मालकाला रोख भरपाई द्या. गावांच्या तिजोरीत तेवढे पैसे नसतात. फलक जागच्या जागी राहिले. त्याच काळात, १९६८ मध्ये, व्हर्मॉन्टसारख्या डोंगराळ, पर्यटनावर जगणाऱ्या चिमुकल्या राज्यानं रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर सरसकट बंदी घातली. टेड रील नावाच्या आमदारानं ती रेटली. आजही त्या राज्यात शिरलं की डोंगर दिसतो, डोंगरावरची जाहिरात नाही.

आता चिपीकडे या. परुळ्याहून वर चढलं की सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागतो. काळा-तांबूस कातळ, पावसाळ्यात चार महिने फुलं, उरलेले महिने वारा. विमानतळासाठी जमीन एमआयडीसीनं घेतली, खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली. आजूबाजूला हॉटेलं येणार, उद्योग येणार, ‘हब’ होणार हे दर निवडणुकीला ऐकू येतं. तूर्त बराचसा सडा मोकळाच आहे. तिकडे ११ डिसेंबर २०२२ ला गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून (तारीख आमच्याकडे सगळ्यांना पाठ, कारण चिपीचं काय होणार ही धास्ती त्याच दिवशी बसली) इकडचे लोक म्हणतात, आधी विमानं टिकू देत, पाट्यांचं कसलं घेऊन बसलास? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. विमानं टिकली, जागेला भाव आला, की पहिलं उगवणार ते होर्डिंग. इमारत बांधायला वर्षं लागतात, होर्डिंगचा सांगाडा आठवड्यात उभा राहतो. आणि एकदा त्याचं भाडं कोणाच्या तरी खिशात जायला लागलं की त्याला हात लावणं अवघड.

सड्यावर फलक उभा करणं हे मुंबईतल्यासारखं नाही, हेही लक्षात घ्या. वर माती नाही, खाली जांभा. पाया धरायचा तर कातळ फोडायला हवा, आणि तो खर्च वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो. समुद्राची खारी हवा लोखंड खाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून वर गेलं. सिंधुदुर्गात झाडं, विजेचे खांब, कौलं किती गेली ते घराघरात माहीत आहे. त्या वाऱ्यात सड्यावर चाळीस फुटी पत्रा कसा राहिला असता याची कल्पना करा. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग कोसळलं तेव्हा चक्रीवादळही नव्हतं, वळवाचा वारा होता. १७ माणसं गेली. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, आणि तो फलक १२० बाय १२०. मर्यादेच्या नऊपट क्षेत्रफळ, भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्या प्रकरणात माझ्या डोक्यात राहिलं ते मापापेक्षा दुसरंच. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून पालिकेच्या परवानगीची गरज नाही, असा पवित्रा घेतला गेला होता. पालिका म्हणे आमची परवानगी नव्हती. म्हणजे फलक दोन कार्यालयांच्या मधल्या फटीत उभा होता. चिपीला अशा फटी किती मोजा. जमीन एमआयडीसीची, धावपट्टी खासगी कंपनीच्या हातात, बाहेरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आजूबाजूची वस्ती ग्रामपंचायतींची, आकाश केंद्र सरकारचं. आकाशापुरता नियम चोख आहे: २०१५ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या मध्यबिंदूपासून २० किलोमीटरच्या परिघात बांधकामाच्या उंचीसाठी ना-हरकत लागते. पण उंचीत बसणारा, नुसताच रुंद, भगभगीत उजेडाचा, वळणावरची नजर अडवणारा फलक कोण थांबवणार? २०२२ चे जाहिरात फलकांचे नियम महानगरपालिकांसाठी आहेत. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांत आज बरा फ्लेक्सही छापून होत नाही.

मराठी पाट्यांबद्दल माझी भूमिका आधीच सांगतो, नाहीतर परदेशात बसून मराठीला विरोध करतो म्हणून धरतील. २०२२ च्या दुरुस्तीनं दुकानांवर देवनागरी मराठी आली, दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. उत्तम झालं. अमेरिकेत हे जमलंच नसतं. २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा खटला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. राजकीय फलकाला ३२ चौरस फुटांपर्यंत मुभा, आणि एका छोट्या चर्चच्या ‘प्रार्थना इथे’ सांगणाऱ्या तात्पुरत्या फलकाला ६, असा गावचा नियम. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी तो उडवला: मजकूर वाचून माप ठरवता येणार नाही. तेव्हापासून इथले नगररचना अधिकारी पाटी वाचायचंच टाळतात, नुसती टेप लावतात. हे जसंच्या तसं आपल्याकडे नको. आपल्या राज्यात आपली लिपी पाटीवर हवी हा आग्रह मी कुठेही बसून धरीन. पण आपला सगळा जोर त्या आग्रहातच संपतो, हे बघवत नाही. तीन मजली बेकायदा होर्डिंग शुद्ध मराठीत असलं की आपलं समाधान होतं.

माझा मामेभाऊ भोगव्याला होमस्टे चालवतो. विमानतळाच्या फाट्यापासून घरापर्यंत त्यानं स्वतः रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या आहेत. एक काजूला ठोकलेली, एक विजेच्या खांबाला तारेनं आवळलेली, तिसरीवरचा बाण पावसात फिरतो आणि पाहुणे निवतीला पोचतात. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर भडकलाच. “तू थंय बसान कायदे सांग. हंय माझी पाटी काढली तर गिराईक माका दर्यात शोधतला काय?” आणि पुढचा मुद्दा त्याहून बोचरा: परवाना आला की मोठ्या हॉटेलाला मिळणार, चकरा मारायच्या त्या आमच्यासारख्यांनी.

त्याचं खरं आहे. कुठल्याही फलक-नियमाचा पहिला फटका गरिबाच्या पाटीला बसतो, इकडेही. म्हणून मला व्हर्मॉन्टची बंदी तेवढी महत्त्वाची वाटत नाही जेवढी तिची दुसरी बाजू वाटते. बंदी घालताना त्यांनी पर्यायही दिला: सरकारनं लावलेल्या, ठरलेल्या मापाच्या दिशादर्शक पट्ट्या. खानावळ, सरायखाना, मधाचं दुकान, कोणीही वार्षिक शुल्क भरावं आणि वळणावर आपलं नाव आणि बाण मिळवावा. मोठ्याला मोठी पट्टी विकत घेताच येत नाही. भोगवे, निवती, परुळे, कोरजाई, म्हापण अशा फाट्यांवर एकेक खांब, त्यावर एकाच मापाच्या मराठी पट्ट्या, बाण न फिरणारा. यात माझ्या भावाचा तोटा कुठे आहे? उलट पंचतारांकितवाल्याचं होर्डिंग जाऊन दोघं एका रांगेत येतात. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून मिरवतो. कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पाहुण्याला तिथे नीट पोचवणारी पाटी हवी, हे पर्यटनाचंच काम आहे.

बाकी वाढदिवसाचे आणि ‘चाकरमान्यांचे हार्दिक स्वागत’चे फ्लेक्स. त्यांच्याबद्दल मला तुमच्याइतका राग येत नाही, कारण चतुर्थीला घरी उतरल्यावर कोणीतरी स्वागत म्हणतंय हे बरं वाटतं, भले त्यात एकोणीस फोटो असोत. शिवाय कोकणात फ्लेक्स वाया जात नाही. आमच्या आवाटात, म्हणजे वस्तीत, लाकडांच्या खोपीवर एका माजी आमदारांचा नमस्कार उलटा पांघरलेला आहे आणि पाऊस थेंबभर आत येत नाही. तक्रार आहे ती ते न उतरण्याची. मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा फलकांवर सविस्तर आदेश दिले. महापालिकांना जे पेलत नाही ते ग्रामसेवकानं करावं अशी अपेक्षा धरणं मात्र अन्यायाचं आहे. भाऊ म्हणाला तेच: “शिडी कोण लावतलो? आनी मगे गावात रवतलो कसो?”

इकडे निवडणुकीच्या पाट्या रस्त्याच्या हद्दीत राहिल्या की शहराचे कामगार त्या उचलून आपल्या आवारात टाकतात, ज्याच्या असतील त्यानं न्याव्यात. कोणी कोणाचा अपमान मानत नाही, कारण सगळ्यांच्याच उचलल्या जातात. गावकीत हे चालायचं नाही. तेव्हा शिडी लावणारा गावाबाहेरचाच हवा. चिपीला तो आयता आहे: ज्याच्याकडे भाडेपट्टा आहे तो. विमानतळाच्या आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक भूखंडाच्या करारात एमआयडीसीनं माप, अंतर, उजेड, पाया तपासल्याचा अभियंत्याचा दाखला आणि उतरवायची तारीख घालावी. तारीख उलटली की भाडेकरूनं फलक उतरवावा, नाहीतर अनामतीतून खर्च कापावा. फाट्यांवरच्या पट्ट्यांचं शुल्क त्या त्या ग्रामपंचायतीला जावं, म्हणजे खांब रंगवायलाही पैसे राहतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. भूखंड वाटायच्या आधी मसुद्यात एक पान वाढवावं लागतं, आणि ते पान सुचवायला परुळे-चिपीच्या ग्रामसभांना कोणी अडवलेलं नाही.