समुद्र वाचवायचाय ना? मग आधी मच्छीमारांना बाजूला करा

अभिनंदन, तुमच्या प्रोजेक्टला निधी मिळाला! आता तीन वर्षांत समुद्र वाचवायचाय, म्हणजे खरं तर अडीचच, कारण शेवटचे सहा महिने रिपोर्ट लिहिण्यात जाणार. तेव्हा वेळ घालवू नका आणि किनाऱ्यावरच्या लोकांशी गप्पा मारत तर अजिबात बसू नका.

सुरुवात नकाशापासून. निळ्या भागावर पट्टी ठेवून मस्त चौकोन आखा आणि आत लिहा 'संरक्षित क्षेत्र'. चौकोनच हवा, माशांना काटकोन लगेच कळतात. आता कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठल्या खडकापाशी अंडी घालायला येतो हे तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असतं, पण तो एक्सेल शीट पाठवत नाही, मग त्याला डेटा कसं म्हणायचं? आणि चौकोन छोट्या होड्या रोज जातात तिथेच आखा हं. ट्रॉलरवाल्यांच्या, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींच्या, जागेवर आखलात तर वरून फोन येतात, होडीवाल्याकडे वरचा नंबरच नसतो.

मच्छीमार काय, रडतच असतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे किनाऱ्यालगतचे मच्छीमार 1980च्या दशकात ओरडून सांगत होते की कॉड मासा कमी मिळतोय, लहान मिळतोय, पण मोठ्या ट्रॉलरचे आकडे झकास होते ना! ट्रॉलर मासे उरलेत तिथेच शोधत शोधत जातो त्यामुळे शेवटचा थवा संपेपर्यंत त्याचं जाळं भरलेलंच दिसतं, हा एवढासा तपशील सोडला तर समुद्रात किती मासे उरलेत याचा अंदाज अगदी शास्त्रशुद्ध होता. जुलै 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार लोकांचं काम गेलं, आणि दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली बंदी उठायला 2024 उजाडलं. तरी पण घाईघाईत कुणाचं ऐकलं नाही याचं समाधान राहिलंच की.

आता 'लोकसहभाग' हा शब्द प्रस्तावात असतोच, तो उरकावा लागतो. मीटिंग ठेवा, सगळ्या होड्या पाण्यात असतात त्या वेळेला. जे चार जण सापडतील त्यांच्या सह्या घ्या, स्लाइड दाखवा, फोटो काढा, झाला सहभाग. ओहोटीला खडकांवर शिंपले, खेकडे वेचणाऱ्या बायकांना बोलवायचं काही कारण नाही, त्यांच्याकडे होडी नाही म्हणजे त्या मच्छीमार नाहीत, त्यांच्या घरी रोज शिजतं ते कुठून येतं हा आपल्या प्रोजेक्टचा विषय नाही.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. लोकांना पटकन फायदा दिसेल असं काही चुकूनही करू नका. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादुआका गावानं 2004 मध्ये हा गाढवपणा केला, ऑक्टोपस पकडायच्या थोड्याशा जागा सातेक महिने बंद ठेवल्या. ऑक्टोपस भराभर वाढतो, त्यामुळे जागा उघडल्यावर चांगले वजनदार नग हाताला लागले, ते बघून शेजारची गावंही आपापल्या जागा बंद करायला लागली, आणि 2006 पर्यंत बऱ्याच गावांनी मिळून स्वतःचं क्षेत्र आखून स्वतःचे नियम केले. सल्लागार कोणाला लागणार मग? त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सगळं, सगळ्यांना, कायमचं बंद करून टाका. आणि फिजीतल्यासारखं गावकऱ्यांनाच शिंपले मोजायला शिकवू नका, स्वतः मोजलेल्या आकड्यावर माणसाचा विश्वास बसतो.

फिलिपिन्सचं उदाहरण तर पाठच करा. सुमिलोन बेटाजवळ 1974 मध्ये राखीव क्षेत्र झालं, दहाएक वर्षं छान चाललं, मग राजकारण फिरलं आणि तिथे पुन्हा जाळी पडली. मासेमारीला जागा वाढली तरी आसपासच्यांना मिळणारी मासळी जवळपास निम्म्यावर आली. यावरून लोक उगाच असा अर्थ काढतात की राखीव भागात वाढलेले मासे बाहेर येत होते. तिथून फार लांब नसलेल्या आपो बेटावर सिलिमन विद्यापीठाची मंडळी एवढ्याशा प्रवाळाच्या पट्ट्यासाठी काही वर्षं लोकांशी बोलत बसली! शेवटी गावानंच जागा ठरवली, गावानंच राखली, आणि ते अजून टिकून आहे. इतका वेळ कुठल्या बजेटात बसतो, सांगा बरं.

नियम करताना जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकांच्या मापावर, भर द्या, पण छोट्या माणसाच्या जाळ्याच्या. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते, पिल्लं उचलली तर पुढच्या हंगामाला काय उरणार वगैरे त्याला नीट समजावून सांगा, म्हणजे त्याच्या आजोबांनी त्याला जे सांगितलं तेच पण प्रोजेक्टरवर. रात्री बाहेरचा ट्रॉलर आत घुसला आणि गावकऱ्यांनी कळवलं तर तक्रार लेखी मागा, तीन प्रतींत. गस्तीच्या बोटीत डिझेल नसतंच, पण उद्घाटनाच्या फोटोत ती छान येते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव पहिल्या पानावर टाकायला विसरू नका हं. सामायिक संपत्ती लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, नाव टाकलं की वजन येतं आणि पुढची दीडशे पानं त्याच्या उलट लिहायला मोकळीक मिळते.

बाकी चिंता नको. 2030 पर्यंत 30 टक्के समुद्र संरक्षित करायचं जगानं 2022 मध्ये ठरवलंय, मोजायला क्षेत्रफळ सोपं, मासे पळत असतात. तुमचा चौकोन त्यात धरला जाईल, आत काय शिल्लक आहे ते बघायला कोण पाण्यात उतरतंय. निधी संपला की पाट्या तिथेच सोडून निघा, आणि अंतिम रिपोर्टमध्ये 'अडचणी' या मथळ्याखाली एकच ओळ टाका: स्थानिक लोकांचं सहकार्य मिळालं नाही.