आमदारांच्या कार्यअहवालात अर्थसंकल्प का नसतो?

विधानसभेचे सदस्य आपापल्या मतदारांसाठी जो कार्यअहवाल छापतात, तो हाती आला की मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. पुण्यात वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांचे असे अहवाल मी आजवर वाचले आहेत आणि त्या सर्वांत एकच उणीव मला सतत जाणवत आली आहे. काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, विरंगुळा केंद्र, ड्रेनेजची वाहिनी, हायमास्ट दिवे यांची छायाचित्रे आणि रकमा त्यात असतात. ज्या सभागृहात बसण्यासाठी आपण त्यांना निवडून दिले, त्या सभागृहात राज्याच्या अर्थसंकल्पावर त्यांनी काय भूमिका घेतली, याची एक ओळही नसते.

प्रमाणाचा विचार केला तर ही उणीव किती मोठी आहे ते कळते. आमदारांचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य धरले, तर ही एकूण रक्कम १,८३० कोटी होते. १० मार्च २०२५ रोजी मांडलेला २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता. म्हणजे सर्व आमदारांचा निधी एकत्र केला तरी तो राज्याच्या खर्चाच्या एका टक्क्याचा जेमतेम पाव हिस्सा भरतो. जिल्हा नियोजन समितीतून किंवा एखाद्या विभागाकडून आणलेला निधी त्यात मिळवला, तरी मुख्य मुद्दा बदलत नाही. उरलेल्या प्रचंड रकमेतील बहुतांश खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभेलाच आहे. विभागाची मागणी, म्हणजे त्याने खर्चासाठी मागितलेली रक्कम, मान्य करणे, नाकारणे किंवा ती कमी करणे हे विधानसभेच्या हाती असते, आणि त्या कामाचा हिशेब मात्र मतदाराला कोणी देत नाही.

आपल्या शहरात हे अधिक ठळक झाले, त्याला एक कारण आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गल्लीतला दिवा बंद पडला, चेंबरचे झाकण तुटले, तरी लोक आमदारांच्या कार्यालयात जाऊ लागले. त्यात लोकांची काही चूक नव्हती आणि आमदारांनी ती कामे केली याबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या काळात आमदार म्हणजे मोठा नगरसेवक, ही समजूत दोन्ही बाजूंनी पक्की झाली, आणि आता महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले असले तरी ती समजूत सुटलेली दिसत नाही.

अर्थसंकल्पाबद्दल मतदाराला नेमके काय सांगायला हवे, हा प्रश्न कोणी विचारला तर माझे उत्तर तीन आकड्यांपासून सुरू होते. एखाद्या योजनेसाठी किंवा कामासाठी केलेली तरतूद हा पहिला आकडा, वित्त विभागाने त्यापैकी प्रत्यक्ष वितरित केलेला निधी हा दुसरा, आणि झालेला खर्च हा तिसरा. वृत्तपत्रांत आणि फलकांवर पहिलाच आकडा झळकतो. ‘इतके कोटी मंजूर’ अशी घोषणा वाचून आपण समाधान मानतो, परंतु वितरणाचा आदेश निघाला नसेल तर ठेकेदाराचे देयक निघत नाही आणि काम अर्धवट पडून राहते. शासनाच्या ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीवर तरतूद, वितरण आणि खर्च यांची विभागवार माहिती उपलब्ध असते. तरीही सामान्य माणसाला लेखाशीर्ष, म्हणजे प्रत्येक खर्चाला दिलेले हिशेबाचे शीर्षक, ठाऊक नसल्यामुळे त्यातून आपल्या भागाचे काम शोधणे अवघड जाते. आमदारांच्या कार्यालयाला मात्र ते एका दुपारचे काम आहे.

दुसरी गोष्ट पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच सभागृहाकडे मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुरीची. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला म्हणजे वर्षाचा हिशेब ठरला, असे आपण मानतो. प्रत्यक्षात २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. दोन्हींची बेरीज मूळ अर्थसंकल्पाच्या जवळपास एकपंचमांश होते. यातील काही भाग केवळ हिशेबाच्या समायोजनाचा असतो आणि निव्वळ भार त्याहून कमी असतो, हे खरे आहे. परंतु ज्या वर्षाच्या अर्थसंकल्पातच ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट (महसुलापेक्षा जास्त झालेला महसुली खर्च) आणि १ लाख ३६ हजार कोटींहून अधिक राजकोषीय तूट (कर्ज काढून भरायची एकूण तूट) दाखवली होती, त्या वर्षी एवढ्या जादा मागण्यांना संमती देताना आपल्या प्रतिनिधीने कोणते प्रश्न विचारले, हे जाणून घेण्याचा मला हक्क आहे. मागणीवर कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, दिली का, चर्चेत भाग घेतला का, की विभागाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होत असताना ते सभागृहात केवळ उपस्थित होते? लाडकी बहीण योजनेसाठी त्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद होती. ती योजना आवश्यक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तसे स्पष्ट सांगावे, आणि तिच्यामुळे इतर विभागांची कामे मागे पडतात असे ज्यांना वाटते त्यांनी कोणत्या विभागाची, किती, हे आकड्यांनिशी सांगावे. मी दोन्ही बाजू ऐकायला तयार आहे.

हे सर्व पुणेकराच्या दारापर्यंत कसे येते, हे पाहायचे असेल तर समाविष्ट गावांकडे पाहावे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शासनाच्या निर्णयाने महापालिकेत आली, आणि नंतर त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे शासनाच्याच निर्णयाने वेगळी झाली. हद्दवाढ शासनाने केली, पण जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे यांचा भार महापालिकेवर आला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तेथील पाण्याचा प्रश्न संपूर्ण महाराष्ट्राला दिसला. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांतून शहराला किती पाणी द्यायचे, हे राज्याच्या जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे या गावांसाठी राज्याकडून विशेष अनुदान मागितले का, पाण्याचा कोटा वाढवण्याबाबत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) विचारला का, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) लागली का, आणि लागली असल्यास मंत्र्यांनी सभागृहात कोणते आश्वासन दिले, हे माझ्या दृष्टीने दहा ओपन जिमपेक्षा महत्त्वाचे आहे. सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते. आश्वासन कोणते हेच मतदाराला माहीत नसेल, तर त्याने आठवण तरी कशाची करून द्यायची?

कायद्यांच्या बाबतीतही हेच आहे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत शासनाच्या निर्णयाने थांबली आणि २०२३ मध्ये शासनाच्याच निर्णयाने पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या काळात हजारो कुटुंबांच्या हाती वाढीव बिले पडली. जुलै २०२५ मध्ये कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांना आळा घालण्यासाठी आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले. त्यावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. विधेयक मात्र आवाजी मतदानाने मंजूर झाले. आवाजी मतदानात कोणत्या सदस्याने काय मत दिले याची नोंद राहत नाही, आणि मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून घेणे, क्वचितच मागितली जाते. पक्षादेशाच्या विरोधात मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते, ही अडचण मला समजते. परंतु पक्षादेश मतदानापुरता असतो. विधेयकातील कोणते कलम आपल्याला पटले नाही, आपल्या मतदारसंघातून कोणत्या सूचना आल्या आणि त्यांपैकी कोणत्या पुढे मांडल्या, हे लिहिण्यास कोणाचीही आडकाठी नसावी.

दोष केवळ लोकप्रतिनिधींना देणे न्याय्य होणार नाही. आपण नागरिक त्यांना भेटतो ते सोसायटीसमोरच्या रस्त्यासाठी, आणि मते मागताना ते आपल्याला त्याच रस्त्याची आठवण करून देतात. अधिवेशनात काय बोललात, असे विचारणारा मतदार भेटला नाही तर उत्तर तयार ठेवण्याची गरज त्यांना वाटणार नाही, हे स्वाभाविक आहे.

म्हणून माझी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना जाहीर विनंती आहे की प्रत्येक अधिवेशन संपल्यावर त्यांनी मतदारांसाठी दोन पानांचे साधे निवेदन प्रसिद्ध करावे. त्यात विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे असावीत, ज्या विधेयकांवर व मागण्यांवर भूमिका घेतली ती असावी, आणि मतदारसंघातील शासकीय कामांची तरतूद, वितरण व खर्च हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत. वर्षातून एकदा, अर्थसंकल्प मांडण्याच्या महिनाभर आधी, नागरिकांची सभा घेऊन पुढच्या वर्षासाठी शासनाकडे काय मागायचे याचा प्राधान्यक्रम ठरवावा. आमच्या परिसरात लेखापरीक्षणाचे, सिंचनाचे आणि नगररचनेचे काम करून निवृत्त झालेली माणसे आहेत. अर्थसंकल्पाची प्रकाशने वाचून लेखाशीर्षनिहाय टिपणे काढून देण्याची जबाबदारी आम्ही विनामोबदला घेऊ. आमदारांच्या कार्यालयाने तारीख आणि जागा कळवावी. आम्ही पहिले टिपण समाविष्ट गावांच्या पाणीपुरवठ्यावर तयार करून आणू.